समकालीन फिलिपिनो कला आणि तिच्यामागचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला यातलं काहीच माहीत नाही. सुरुवात कुठल्या चित्रापासून करू?

'स्पोलियारियम'पासून. हुआन लुना या फिलिपिनो चित्रकारानं 1884 मध्ये ते रोममध्ये रंगवलं. उंची सव्वाचार मीटर आणि रुंदी साडेसात मीटरहून थोडी जास्तच, म्हणजे एखाद्या वाड्याची दर्शनी भिंत समजा. प्राचीन रोममध्ये रिंगणात मेलेल्या ग्लॅडिएटरना एका खोलीत ओढत आणायचे आणि त्यांची शस्त्रं, चिलखतं काढून घ्यायचे. त्या खोलीचं नाव स्पोलियारियम. चित्राच्या मधोमध प्रेतं फरफटत नेली जातायत आणि जमीन रक्तानं माखलीय. डावीकडे बघ्यांची गर्दी आहे. उजवीकडे खाली एक बाई आपल्याकडे पाठ करून बसलीय, वस्त्र खांद्यावरून घसरलेलं. तिचा चेहरा लुनानं दाखवलेलाच नाही. बहुतेकांची नजर मधल्या प्रेतांवर खिळते. तुम्ही त्या पाठीकडे बघा. अख्ख्या चित्रातलं दुःख तिथे साठलंय.

माद्रिदच्या 1884 च्या राष्ट्रीय प्रदर्शनात या चित्राला सुवर्णपदक मिळालं. त्याच प्रदर्शनात फेलिक्स रेसुरेक्सिओन इदाल्गो या दुसऱ्या फिलिपिनो चित्रकारानं रौप्यपदक घेतलं. फिलिपिन्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं, आणि तिथल्या 'इंडियो' म्हणजे मूळ रहिवासी माणसाला कला वगैरे काय कळणार, असं स्पेनमध्ये उघड बोललं जायचं. 25 जून 1884 ला माद्रिदमध्ये दोघांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तिथे होसे रिझाल नावाचा तेवीस वर्षांचा तरुण भाषणाला उभा राहिला. प्रतिभा ही हवा आणि उजेडासारखी असते, ती कुठल्या एका देशाची मालमत्ता नसते, असं तो म्हणाला. 30 डिसेंबर 1896 ला याच रिझालला मनिलामध्ये गोळ्या घालण्यात आल्या. आज तो त्या देशाचा राष्ट्रपुरुष आहे.

पण विषय रोमचा, शैली युरोपची. यात फिलिपिनो काय आहे?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. उत्तर चित्र पाहणाऱ्यांनी दिलेलं आहे. फिलिपिनो लोकांनी त्या ओढत नेलेल्या प्रेतांमध्ये स्वतःला पाहिलं आणि डावीकडच्या बघ्यांमध्ये स्पेनला. लुनानं विषय युरोपच्या कला-अकादमीकडून घेतला, तंत्रही तिथलंच घेतलं, आणि गोष्ट सांगितली ती आपली. परक्याचं हत्यार हातात घेऊन आपलं बोलणं ही फिलिपिनो कलेची जुनी सवय आहे. खालची बहुतेक उत्तरं वाचताना ती तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल.

लुना माणूस म्हणून कसा होता?

1892 मध्ये पॅरिसमध्ये संशयाच्या भरात त्यानं आपल्या पत्नीला आणि सासूला गोळ्या घालून मारलं. फ्रेंच न्यायालयानं त्याला सोडून दिलं. चित्राचं मोठेपण सांगताना हे गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

स्पॅनिश लोक येण्याआधी तिथे कला नव्हतीच का?

भरपूर होती. तैलरंगातलं चित्र आणि चौकट म्हणजेच कला असं धरून चाललो, तरच ती दिसत नाही. लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरात इफुगाव लोक 'बुलुल' कोरतात. या लाकडी मूर्ती जोडीनं बसवतात किंवा उभ्या करतात आणि भाताच्या कोठारापाशी राखणीला ठेवतात. विधीच्या वेळी त्यांना रक्त लावतात, तांदळाची दारू देतात, त्यामुळे जुन्या बुलुलवर काळपट चकाकी चढलेली असते. दक्षिणेत मिंदानाओत मारानाव लोकांची 'ओकिर' नावाची वेलबुट्टीची नक्षी आहे. त्याच बेटावर तबोली बायका अबाका या केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्यातून 'तनालाक' नावाचं कापड विणतात. विणीचे नमुने स्वप्नात दिसतात असं त्या सांगतात. लांग दुलाय या विणकर आजींना 1998 मध्ये सरकारनं जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलं.

भारताचा काही संबंध आहे का?

आहे, आणि मराठी माणसाला तर तो वाचून अंगावर काटा येईल असा आहे. लागुना प्रांतात 1989 मध्ये एक पातळ ताम्रपट उजेडात आला. लिपी जावाकडची कावी, भाषा मुख्यतः जुनी मलय. सुरुवात मात्र अशी : 'स्वस्ति', मग शकवर्ष 822, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. आपल्या पंचांगात आजही चालतं तेच शकवर्ष आणि तोच वैशाख वद्य! इसवी सनाप्रमाणे ती तारीख 21 एप्रिल 900. मजकूर कर्जमाफीचा आहे. नामवरन नावाच्या माणसाचं सोन्यातलं कर्ज माफ झाल्याचं त्यात नोंदवलंय, आणि त्या सोन्याच्या मापाचं नाव आहे 'सुवर्ण'. लेखात जयदेव नावाचा एक अधिकारीही येतो. फिलिपिन्समध्ये सापडलेला हा तारीख असलेला सर्वात जुना लेख आहे.

आगुसान भागात 1917 मध्ये सापडलेली सोन्याची देवीमूर्ती सध्या शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. मिंदानाओच्याच सुरिगावमध्ये 1981 मध्ये सोन्याच्या दागिन्यांचा मोठा साठा सापडला. त्यात खांद्यावरून तिरपा घालायचा, जवळपास चार किलो वजनाचा सोन्याचा गोफ आहे. त्याची घडण जानव्यासारखी आहे.

शब्दही पाहा. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत शिक्षकाला 'गुरो' म्हणतात, चेहऱ्याला 'मुखा'. 'दिवाता' म्हणजे झाडा-डोंगरात राहणारी देवता, आणि 2016 मध्ये त्यांनी अवकाशात सोडलेल्या छोट्या उपग्रहाचं नावही दिवाताच होतं. घडवणं, निर्माण करणं यासाठीचा शब्द आहे 'लिखा', आणि तो संस्कृत 'लेखा'पासून गेला असं मानतात.

म्हणून आजची फिलिपिनो कला भारतीय वळणाची आहे का? नाही, तसं म्हणणं चुकीचं ठरेल. हे शब्द, हे सोनं व्यापारी मार्गांनी मलय आणि जावामार्गे पोचलं आणि तिथल्या मातीत मुरलं. आजचे चित्रकार दिवाता रंगवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचा मकिलिंग डोंगर असतो.

चर्चचा प्रभाव किती खोल आहे?

सगळ्यात खोल तोच. 1521 मध्ये स्पेनकडून आलेल्या मॅगेलन या दर्यावर्दीनं सेबू बेटाच्या राणीला बाळ येशूची एक लाकडी मूर्ती भेट दिली. 1565 मध्ये स्पॅनिश पुन्हा आले, तेव्हा ती मूर्ती एका घरात जपून ठेवलेली सापडली. सेबूत आजही तिची यात्रा भरते.

पुढे तीन शतकं चर्चला मूर्ती लागत गेल्या आणि त्या घडवल्या मनिलाच्या चिनी वस्तीतल्या कारागिरांनी. हस्तिदंताची मेरी, हस्तिदंताचा ख्रिस्त. डोळे किंचित लांबट, पापण्या जड, गळ्यावर मऊ वळ्या. युरोपातून आलेला नमुना चिनी हातानं फिलिपिन्समध्ये कोरला, आणि मनिला ते आकापुल्को या गलबतांच्या व्यापारातून मेक्सिकोपर्यंत गेला. हा व्यापार 1565 ते 1815 असा अडीचशे वर्षं चालला. आपल्या गोव्यातही त्याच काळात हिंदू कारागीर हस्तिदंताचे संत कोरत होते. जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात ते पाहिले असतील, तर मनिलाच्या मूर्ती अनोळखी वाटणार नाहीत.

आजच्या कलेत हे सगळं वेगळ्या रूपात येतं. नोर्बेर्तो रोल्दान जुनी चर्चची वस्त्रं, ताईत, संतांच्या छोट्या छापील तसबिरी, काचेच्या बाटल्या एकत्र मांडून कलाकृती करतात. मनुएल ओकांपो यांनी वसाहतकाळातल्या धार्मिक चित्रांची जुनाट भाषा घेतली आणि तिच्यात क्रौर्य, वंशद्वेष, नाझींची आठवण करून देणारी स्वस्तिकं भरली. जर्मनीतल्या 1992 च्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांची काही चित्रं दाखवू दिली गेली नाहीत. मायदेशीही हा विषय नाजूक आहे. 2011 मध्ये मिदेओ क्रूझ यांच्या धार्मिक प्रतिमांच्या मांडणीवरून एवढं वादळ उठलं की मनिलाच्या सांस्कृतिक केंद्राला ते प्रदर्शन बंद करावं लागलं.

पहिली चित्रशाळा कधी निघाली?

1821 मध्ये, दामियान दोमिंगो यांनी मनिलामध्ये काढली. वेगवेगळ्या थरांतल्या लोकांच्या पेहरावाची जलरंगातली चित्रं ते करायचे आणि परदेशी व्यापारी ती आठवण म्हणून विकत घ्यायचे.

आमोर्सोलो एवढे लोकप्रिय का? आणि त्यांच्यावर टीका का होते?

फर्नांदो आमोर्सोलो (1892–1972) यांनी ऊन रंगवलं. सूर्य माणसांच्या पाठीमागे ठेवायचा, म्हणजे केसांच्या, टोपीच्या, हाताच्या कडा सोनेरी उजळतात आणि चेहरा मऊ सावलीत राहतो. भातलावणीची त्यांची चित्रं पाहून कोकणातला माणूससुद्धा क्षणभर थांबेल : पाण्यानं भरलेलं खाचर, वाकलेल्या बायका, मागे डोंगर. फिलिपिन्सचा पहिला 'राष्ट्रीय कलावंत' हा किताब 1972 मध्ये त्यांनाच मिळाला.

टीका अशी की या शेतात कुणाची पाठ दुखत नाही. स्पेननंतर आलेली अमेरिकेची राजवट होती, कुळांची पिळवणूक चालू होती, आणि चित्रात सगळे हसतमुख. टीका मला पटते. तरी त्या उन्हापुढे उभं राहिलं की पाय लवकर निघत नाही, हेही खरं. युद्धात जळणारं मनिलाही त्यांनी रंगवलंय. ती चित्रं पाहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत बनवू नका.

मग आधुनिक कला कधी आली?

व्हिक्टोरिओ एदादेस अमेरिकेत सिअॅटलला शिकले आणि सुट्टीत अलास्काच्या मासळीच्या कारखान्यांत राबले. 1928 मध्ये परत येऊन त्यांनी मनिलात प्रदर्शन भरवलं. त्यातलं 'द बिल्डर्स' हे मुख्य चित्र म्हणजे दगड ओढणारे, पिळवटलेल्या अंगांचे मजूर, रंग चिखलासारखे तपकिरी. आमोर्सोलोंच्या सोनेरी उन्हाला सरावलेले लोक हादरले. एकही चित्र विकलं गेलं नाही.

एदादेस मागे हटले नाहीत. त्यांच्याभोवती तरुण जमत गेले आणि त्यांना 'तेरा आधुनिक' म्हणू लागले. त्या तेरांत बाई एकच, अनिता मागसायसाय-हो. गालो ओकांपो यांनी 1938 मध्ये सावळी मेरी रंगवली, फिलिपिनो वस्त्रातली, फिलिपिनो घराच्या पार्श्वभूमीवर. गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनीही मेरीला साडी नेसवली होती आणि त्यापायी स्वतःच्याच समाजाचा रोष ओढवून घेतला होता. एकमेकांपासून हजारो किलोमीटरवर दोघांना एकच गोष्ट सुचली, कारण दोघांच्याही देव्हाऱ्यातली आई गोरी होती.

त्याच पिढीतले कार्लोस 'बोतोंग' फ्रान्सिस्को आंगोनो गावात राहून भिंतीएवढी इतिहासचित्रं करत. मनिला नगरपालिकेसाठी त्यांनी केलेली फिलिपिनो लढ्यांची चित्रमालिका आता राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आंगोनोजवळच्या कातळावरची प्राचीन कोरीव चित्रंही 1965 मध्ये याच बोतोंगनी शोधून काढली.

दुसऱ्या महायुद्धानं काय बदललं?

फेब्रुवारी ते मार्च 1945 च्या लढाईत मनिला बेचिराख झालं, सुमारे एक लाख नागरिक मेले. त्यानंतर कुणी सोनेरी शेत रंगवणं अवघडच होतं. व्हिसेंते मानान्साला यांची 1950 ची 'झोपडपट्टीतली मॅडोना' याच राखेतून आली : पत्र्याच्या झोपड्या आणि लेकराला घट्ट धरलेली आई. मानान्सालांनी घनवाद, म्हणजे वस्तूचे भौमितिक तुकडे करून मांडणारी युरोपची शैली घेतली, पण वस्तू फोडून टाकल्या नाहीत. एकावर एक पारदर्शक थर चढवले, काचेतून काच दिसावी तसे. अमेरिकी सैन्यानं मागे टाकलेल्या जीपगाड्यांना लोकांनी लांबवलं, रंगवलं, नटवलं आणि जीपनी ही प्रवासी गाडी तयार केली. मानान्सालांच्या चित्रांत या जीपनींची गर्दीही आहे.

राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसच्या काळात कलेला आश्रय मिळाला की दडपशाही झाली?

दोन्ही, आणि एकाच वेळी. त्यांच्या पत्नी इमेल्दा मार्कोस यांच्या पुढाकारानं 1969 मध्ये मनिलाच्या उपसागरात भर घालून केलेल्या जमिनीवर सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं. लेआंद्रो लोक्सिन यांनी बांधलेली ती काँक्रीटची भव्य इमारत खरोखर देखणी आहे. उद्घाटनाच्याच वेळी डेव्हिड मेदाल्या या कलावंतानं तिथे निदर्शनं केली. लंडनमध्ये साबणाच्या फेसाची सतत बदलणारी शिल्पं करून नाव कमावलेला हा माणूस. केंद्रातल्या संग्रहालयाचे पहिले संचालक रोबेर्तो चाबेट. 1973 मध्ये त्यांनी फिलिपिनो कलेवरचा एक जाडजूड ग्रंथ फाडून त्याचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात मांडले आणि तीच कलाकृती म्हणून ठेवली. वस्तूपेक्षा कल्पनेलाच कलाकृती मानणाऱ्या आजच्या अनेक संकल्पनावादी कलावंतांचे ते गुरू. तीस वर्षं त्यांनी विद्यापीठात शिकवलं.

सप्टेंबर 1972 मध्ये लष्करी कायदा लागला. वर्तमानपत्रं बंद झाली, माणसं तुरुंगात गेली. 1981 मध्ये चित्रपट महोत्सवासाठी घाईनं बांधल्या जाणाऱ्या इमारतीत रात्री मचाण कोसळलं आणि मजूर ओल्या सिमेंटखाली गाडले गेले. बांधकाम पुढे रेटलं गेलं.

या काळातलं एक चित्र जवळून बघू. 1976 मध्ये काही तरुणांनी 'काइसाहान' म्हणजे 'एकजूट' नावाचा गट काढला. त्यातल्या आंतिपास देलोतावो यांनी 1978 मध्ये जलरंगात एक चित्र केलं. त्याच्या नावाचा अर्थ 'मांग हुआनच्या काळजात कोयता'. मांग हे वडीलधाऱ्याला आदरानं लावतात, आपल्या 'काका' किंवा 'तात्या'सारखं. एक वयस्क मजूर भिंतीजवळून चाललाय. छाती आत गेलेली, खांदे पडलेले, मान खाली. मागे कोका-कोलाची प्रचंड लाल जाहिरात. तिच्या वळणदार अक्षराचं टोक नेमकं त्याच्या छातीत रुतलंय, कोयत्याच्या पात्यासारखं. चित्रात ना घोषणा, ना मूठ, ना झेंडा. फक्त जाहिरातीतलं एक अक्षर आणि म्हातारा कुठे उभा करायचा, एवढंच देलोतावोंनी ठरवलंय. असं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

फेब्रुवारी 1986 मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि मार्कोस देश सोडून गेले. त्याच वर्षी नेग्रोस बेटावर, उसाच्या मळ्यांच्या प्रदेशात, बाकोलोद शहरातल्या कलावंतांनी आपली संघटना काढली. मनिलाबाहेरही कला आहे हे त्यांनी ठासून सांगितलं.

बागिओचं नाव सारखं येतं. तिथे काय आहे?

बागिओ हे डोंगरावरचं थंड हवेचं शहर. 1987 मध्ये सांतियागो बोसे, चित्रपटकार किदलात ताहिमिक, बेनकॅब यांनी तिथे कलावंतांचा संघ काढला. महागडे रंग-कॅनव्हास आणण्यापेक्षा बांबू, राख, ज्वालामुखीची माती, जुनी वर्तमानपत्रं यांतूनच काम करायचं, असा बोसे यांचा आग्रह होता.

बेनकॅब म्हणजे बेनेदिक्तो काब्रेरा. मनिलाच्या रस्त्यावर प्लॅस्टिक गुंडाळून भटकणारी एक बाई त्यांनी तरुणपणी पाहिली आणि 1965 पासून 'साबेल' या नावानं तिला आयुष्यभर रंगवत राहिले. लंडनच्या जुन्या दुकानांत सापडलेल्या वसाहतकाळातल्या छायाचित्रांवरूनही त्यांनी मालिका केली. त्यांच्या संग्रहालयात बुलुल मूर्तींचा मोठा संग्रह आहे.

तो पाहताना एक प्रश्न सतावतो. कोठाराची राखण करणारी मूर्ती काचेच्या कपाटात आली, की तिचं काय होतं? आदिवासींच्या नक्षी शहरी कलावंतानं उचलाव्यात का? फिलिपिन्समध्ये यावर जोरदार वाद चालतात. विणकराचं नाव आणि मोबदला बाजूला ठेवून फक्त नक्षी उचलणं मला चोरीच वाटतं.

आजची पिढी काय करतेय?

परदेशी गेलेल्या माणसाबद्दल बोलतेय, हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. फिलिपिनो कामगार आखातापासून हाँगकाँगपर्यंत पसरलेत आणि घरी 'बालिकबायान' खोकी पाठवतात. बालिक म्हणजे परतणं, बायान म्हणजे गाव किंवा देश. आत साबण, चॉकलेटं, टॉवेल, डबाबंद मांस. रत्नागिरीत ज्यांच्या घरी आखातातून खोकी आली असतील, त्यांना तो वास आठवेल. आल्फ्रेदो आणि इसाबेल आकिलिझान हे जोडपं 2006 मध्ये मुलांसह ऑस्ट्रेलियाला स्थायिक झालं. आपल्या घरच्या वस्तू खोक्याच्या आकाराच्या चौकोनात घट्ट रचून त्यांनी भिंतीच्या भिंती उभ्या केल्या. पुठ्ठ्याची शेकडो छोटी घरं एकमेकांवर चढवून त्यांनी अख्ख्या वस्त्याही केल्या.

पासिता आबाद (1946–2004) बातानेस बेटांवरच्या. कॅनव्हास रंगवायचा, आत कापूस भरून गोधडीसारखे टाके घालायचे, वर कवड्या, आरसे, बटणं शिवायची. भरतकाम हे बायकांचं हलकं काम, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी तीन-चार मीटरच्या गोधड्यांनी उत्तर दिलं. त्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन अमेरिकेत भरायला 2023 उजाडावं लागलं, याची मला फार खंत वाटते.

सियान दायरित नकाशे शिवतात. 1734 चा फिलिपिन्सचा एक प्रसिद्ध स्पॅनिश नकाशा आहे. तो तांब्यावर कोरला निकोलास दे ला क्रूझ बागाय या तागालोग कारागिरानं. त्याच्या कडेला मनिलात दिसणाऱ्या लोकांची चित्रं आहेत आणि त्यांत मोगल आणि मलबारीही आहेत. दायरित अशा नकाशांची भाषा वापरतात आणि विस्थापित शेतकऱ्यांबरोबर बसून त्यांच्या जमिनींचे नकाशे त्यांच्याच हातून काढून घेतात.

म्हणजे शेवटी ही नक्कलच ना? आधी स्पेनची, मग अमेरिकेची?

आपली पेटी युरोपातून आली. म्हणून भजनी मंडळ नक्कल करतं असं कुणी म्हणत नाही. फिलिपिनो कलेला मात्र हा प्रश्न सारखा विचारला जातो, कारण तिच्यावरचे शिक्के ठळक दिसतात. हस्तिदंतातल्या मेरीचे डोळे बघा, कोलाच्या अक्षराचं टोक बघा, आबादबाईंचे टाके बघा. साहित्य आणि तंत्र कुठून आलं हे लगेच कळतं. बोलतंय कोण, हे कळायला थोडं थांबावं लागतं.

बाजारात भाव कसे आहेत?

चढते. 2011 मध्ये रोनाल्द व्हेंतुरा यांचं एक चित्र हाँगकाँगच्या लिलावात दहा लाख अमेरिकी डॉलरच्या वर गेलं. आमोर्सोलोंच्या बनावट चित्रांचा मात्र सुळसुळाट आहे. कागदपत्रं आणि तज्ज्ञाचा शब्द असल्याशिवाय हात घालू नका.

प्रत्यक्ष पाहायचं तर कुठे जाऊ?

मनिलाच्या राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात प्रवेश मोफत आहे. 'स्पोलियारियम' तिथल्या मोठ्या दालनात लागतं. लुना, इदाल्गो, आमोर्सोलो, बोतोंग सगळे एकाच छताखाली भेटतात. सुरिगावच्या सोन्यासाठी मकातीतलं आयाला संग्रहालय, आधुनिकांसाठी आतेनेओ विद्यापीठाचं कलादालन, नव्या कामासाठी आंतिपोलोचं पिंतो संग्रहालय. बेनकॅबचं संग्रहालय बागिओजवळ तुबाला आहे, मनिलाहून बसनं अर्धा दिवस धरा. तेवढा वेळ नसेल आणि सिंगापूरला जाणं होणार असेल, तर तिथल्या राष्ट्रीय कलादालनात फिलिपिनो चित्रं आग्नेय आशियातल्या बाकी चित्रांशेजारी लावलेली दिसतील. दोन तास तरी काढून ठेवा.